विचारून शिकायचं

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर टाउन्सव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या जेम्स कुक विद्यापीठात १९७० च्या आसपास एडी कोइकी माबो नावाचे एक गृहस्थ माळीकाम करायचे. ते ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचे. जन्मानंतर लवकरच आई गेली, मामानं पोटच्या पोरासारखं वाढवलं. बेटावरच्या बागा कुणाच्या, कुणाची हद्द कुठे संपते, दुसऱ्याच्या हद्दीत न विचारता पाऊल का टाकायचं नाही, हे सगळं त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवलं होतं. विद्यापीठात काम करता करता ते लायब्ररीत जाऊन बसत आणि केंब्रिजच्या संशोधकांनी १८९८ च्या मोहिमेनंतर त्यांच्याच बेटाबद्दल लिहिलेले जाडजूड ग्रंथ वाचत. हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस या इतिहासाच्या दोन प्राध्यापकांशी त्यांची मैत्री जमली. गप्पांमध्ये माबो मेरवरच्या आपल्या जमिनीबद्दल बोलायचे. शेवटी एकदा त्या दोघांना सांगणं भाग पडलं, की कायद्याच्या दृष्टीनं ती जमीन तुमची नाही, सरकारची आहे. माबोंना ते खरंच वाटेना.

१९८२ मध्ये त्यांनी आणि मेरच्या आणखी चौघांनी खटला भरला. तो दहा वर्षं चालला. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, सहा विरुद्ध एक मतानं निकाल दिला, की इंग्रज येण्याआधी ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती ही समजूत चुकीची आहे. पुढच्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्काचा कायदा झाला. माबो मात्र निकालाच्या काही महिने आधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. आज त्या विद्यापीठाच्या टाउन्सव्हिलमधल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. विद्यापीठाला नाव जेम्स कुकचं, ज्यानं १७७० मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतल्याच एका बेटावर उभं राहून सगळा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे जाहीर केला, आणि आतल्या ग्रंथालयाला नाव त्या दाव्याचा पाया हलवणाऱ्या माळ्याचं.

मेलबर्नला शिक्षिकेचं शिक्षण घेताना ॲबोरिजिनल ज्ञान, इतिहास आणि संस्कृती हा विषय मला होता आणि त्याची सुरुवात माबोंपासून झाली. ते ॲबोरिजिनल नव्हेत, टॉरेस सामुद्रधुनीतले. मूळ रहिवाशांचे हे दोन वेगळे लोकसमूह आहेत आणि हा फरक पहिल्या तासालाच पक्का करून घेतला गेला. तरी सुरुवात त्यांच्यापासूनच, कारण विद्यापीठ आणि ज्ञान यांचं नातं त्यांच्या गोष्टीत उघडं पडतं. जमिनीबद्दल सगळ्यांत जास्त माहिती असलेला माणूस झाडांना पाणी घालत होता आणि त्याच्या बेटाबद्दलचे ग्रंथ आत कपाटात होते.

ऑस्ट्रेलियात शाळेत शिकवायचं असेल तर शिक्षकांच्या राष्ट्रीय मानकांमधली दोन कलमं याच विषयाची आहेत. एक, ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या मुलांना कसं शिकवावं हे यायला हवं. दोन, त्यांचा इतिहास, संस्कृती आणि भाषा यांबद्दल इतर मुलांच्या मनात समज आणि आदर निर्माण करता यायला हवा. आमच्या वर्गात काही जण हा विषय सक्तीचा म्हणून मान खाली घालून बसायचे. मला तो पहिल्याच आठवड्यात धरून बसला. एक पान लिहून द्यायचं होतं: तुम्ही कोण, कुठल्या मातीत वाढलात, आता कुणाच्या जमिनीवर राहता. मी सोलापूर लिहिलं. सिद्धेश्वराचं तळं, गिरण्यांचे भोंगे, चादरी, आणि महापालिकेच्या शाळेत शिकवणारे माझे वडील, ज्यांच्या वर्गात सेटलमेंटमधली मुलं असायची. आमच्या बाई गुंडिटजमारा या ॲबोरिजिनल समाजातल्या. त्यांनी पान परत दिलं तेव्हा सेटलमेंट या शब्दाखाली रेघ मारून विचारलं होतं, ही कुणाची वस्ती, आणि कुणी वसवली? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढे अर्धं सत्र लागलं.

मेलबर्न हे वुरुंडजेरी लोकांच्या जमिनीवर वसलेलं शहर. एके सकाळी त्यांच्यातल्या एक ज्येष्ठ बाई आम्हाला मेरी क्रीक या ओढ्याकाठी घेऊन गेल्या. इथे ज्येष्ठांना आंटी आणि अंकल म्हणतात. आपल्यासारखं शेजारच्या कुणालाही लावायचं नाही, समाजानं ज्यांना तो मान दिला त्यांनाच. आंटींनी एक पिवळ्या फुलाचं रोप दाखवलं. मर्नॉन्ग. त्याचे कंद हे इथल्या लोकांचं रोजचं खाणं होतं. १८३५ नंतर मेंढ्यांचे कळप आले. मेंढ्यांनी पानं खाल्लीच, खुरांनी माती घट्ट करून टाकली आणि थोड्याच वर्षांत माळांवरून मर्नॉन्ग जवळपास नाहीसं झालं. गोळी न झाडता माणसं उपाशी कशी मरतात, ते मला त्या रोपाजवळ उभं राहून कळलं. मग त्यांनी ऋतू सांगितले. आपल्या शाळेच्या पुस्तकातले तीन किंवा सहा नव्हेत, सात. ईल मासे वाहत्या पाण्याबरोबर खाली जातात तो एक, ऑर्किड फुलतात तो एक, बेडकाची पिल्लं दिसतात तो एक. मृग, आर्द्रा, उत्तरा, हस्त यांवर पेरणी ठरवणाऱ्या आजोबांची मी नात. मला त्यात नवल वाटलं नाही, आपलेपणा वाटला.

मग त्यांनी त्या ओढ्याची एक गोष्ट सुरू केली आणि मध्येच थांबवली. पुढची तुमच्यासाठी नाही, म्हणाल्या. एका मुलीनं फोन वर करून विचारलं, रेकॉर्ड करू का? त्यांनी नको म्हटलं. रागावून नव्हे, अगदी सहज. काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, काही एका घराण्याच्या, काही वय झाल्यावरच सांगायच्या. ज्याच्याकडे गोष्ट आहे त्याच्यावर ती सांभाळायची जबाबदारी आहे, आणि जिथली गोष्ट तिथेच सांगितली तर तिला अर्थ.

माझी सगळी जडणघडण याच्या उलट झालेली. पुस्तकात आहे ते वाचायचं, विचारलं की सांगायचं, जास्त माहिती असणारा जास्त हुशार. आणि आपल्या देशात ज्ञान अडवून ठेवणं हे काही साधं पाप नाही. कानात वेद पडू नये म्हणून माणसांना शतकानुशतकं दूर ठेवलं गेलं, सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं. त्यामुळे हे तुमच्यासाठी नाही असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी ते आमच्या बाईंना बोलून दाखवलं. त्यांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की अडवणाऱ्याकडे सत्ता होती का? मी पुष्कळ दिवस त्यावर विचार करत होते. आपल्याकडे दार लावणारा बलवान होता आणि बाहेर उभा राहणारा दुबळा. इथे ज्यांचं सगळं काढून घेतलं गेलं त्यांच्या हातात उरलेली ही थोडीशी गोष्ट. दोन्ही दारं सारखी मानली तर इतिहास वाचलाच नाही असं होईल.

काढून घेण्यात विद्यापीठंही मागे नव्हती. हा भाग आमच्या अभ्यासक्रमात आडपडदा न ठेवता होता. जॉर्ज मरे ब्लॅक नावाच्या इंजिनिअरनं मरे नदीच्या काठच्या दफनभूमी उकरून शेकडो माणसांची हाडं गोळा केली आणि त्यांतली पुष्कळ मेलबर्न विद्यापीठाच्या शरीरशास्त्र विभागात जमा झाली. त्याच विभागात रिचर्ड बेरी नावाचे प्राध्यापक कवट्या मोजून वंशांची उच्चनीचता ठरवत होते. १९८४ मध्ये जिम बर्ग या गुंडिटजमारा गृहस्थांनी कोर्टात जाऊन विद्यापीठाला ती हाडं सोडायला लावली. पुढच्या वर्षी ३८ जणांचे अवशेष शहराच्या मध्यावरच्या किंग्ज डोमेन बागेत विधिपूर्वक पुरले गेले. बेरींचं नाव लावलेल्या इमारतीचं नाव बदलायला मात्र २०१७ साल उजाडलं.

मुंगो तळ्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून मला जास्त जवळची वाटते. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात एक कोरडं पडलेलं तळं. १९६८ मध्ये जिम बोलर या भूशास्त्रज्ञाला तिथे जळालेली हाडं सापडली. एका स्त्रीचं दहन केलेलं होतं. १९७४ मध्ये त्याच भागात एक पुरुष सापडला, गेरू लावून पुरलेला. दोघंही सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचे. इतक्या जुन्या काळी माणूस मृताला निरोप देण्याचे संस्कार करत होता, हे जगाला त्यातून कळलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांना आम्ही इथे फार पूर्वीपासून आहोत हे सांगताना त्या शोधाचा आधारही झाला. आणि तरी, ही कुणाची तरी आजी आणि कुणाचा तरी आजोबा. ते कॅनबेराच्या विद्यापीठात नेले गेले तेव्हा तिथल्या मुथी मुथी, पाकांतजी आणि न्गियाम्पा लोकांना कुणी विचारलं नव्हतं. स्त्रीचे अवशेष १९९२ मध्ये परत आले, पुरुषाचे २०१७ मध्ये. शवगाडीतून, लांबचा रस्ता करून, वाटेत थांबत. अवशेष परत करावेत म्हणून आग्रह धरणाऱ्यांत स्वतः बोलरही होते.

वर्गात यावर वाद झाला. विज्ञानाचं नुकसान झालं असं म्हणणारा एक मुलगा होता आणि त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. मला वाटतं, नुकसान झालं असेलही. पण विचारून केलेलं संशोधन पुढे चालू राहतं, लोक स्वतः त्यात येतात. न विचारता केलेलं एका पिढीच्या संशोधकांचं भलं करतं आणि पुढच्या दहा पिढ्यांचा विश्वास खाऊन टाकतं. २०२४ मध्ये मेलबर्न विद्यापीठानं मूळ रहिवाशांशी आपण कसं वागलो याचा इतिहास स्वतःच छापला. उशीर झाला, तरी ते काम मला मोलाचं वाटतं.

नातेसंबंधांचा तास आला तेव्हा मात्र वर्गातली बाकीची मुलं गोंधळली आणि मी आरामात बसले. कुलिन लोकांमध्ये, म्हणजे वुरुंडजेरी ज्यांत मोडतात त्या भगिनी समाजांच्या गटात, प्रत्येक माणूस दोहोंपैकी एका बाजूचा. एक बुंजिलची, म्हणजे गरुडाची; दुसरी ‘वा’ची, म्हणजे कावळ्याची. मूल बापाच्या बाजूचं होतं. लग्न आपल्या बाजूत करायचं नाही, समोरच्या बाजूत करायचं. देशभरात इतर ठिकाणी हीच रचना चार किंवा आठ विभागांची होते. अनेक समाजांत आईची बहीण ही आईच आणि बापाचा भाऊ हा बापच. आत्या आणि मामा यांचं स्थान वेगळं. माझ्या शेजारची मुलगी वहीत बाण काढून काढून दमली. माय मरो पण मावशी जगो, हे ऐकत वाढलेल्या मला त्यात कठीण काय आहे तेच कळेना. मावसभाऊ हा भाऊ आणि मामाच्या मुलीशी मात्र सोयरीक, हे आमच्या घरातच घडलेलं. आणि देवक! आमचं देवक पंचपल्लव. लग्नात त्याची पूजा होते, देवक असलेल्या झाडाला इजा करायची नाही, ज्यांचं देवक एक त्यांच्यात लग्न होत नाही. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा आमच्या बाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या आणि त्या दिवशी अर्धा तास त्यांनीच मला प्रश्न विचारले. पुढच्या तासाला त्यांनी इरावती कर्व्यांचा नातेसंबंधांवरचा अभ्यास मागवायला लावला.

मी देवकाकडे घरातली एक प्रथा म्हणून पाहिलं होतं. इथे ज्याचं त्याचं प्राणिदैवत त्याच्यावर काम सोपवतं: त्याला मारायचं नाही, त्याच्या राहण्याच्या जागा राखायच्या. मग गरुडाच्या किंवा कावळ्याच्या वाटेला जाणाऱ्याला आधी कुणाच्या तरी परवानगीला सामोरं जावं लागतं. ओढ्याकाठी आंटींनी गोष्ट जिथे थांबवली, तिथपर्यंत मी या वाटेनं परत आले.

आता सेटलमेंट. माझं सत्रातलं मोठं काम कोरांडर्कवर होतं. मेलबर्नपासून सुमारे साठ किलोमीटरवर, आजच्या हील्सव्हिलजवळची ही जागा. १८६३ मध्ये सायमन वोंगा आणि विल्यम बराक या वुरुंडजेरी पुढाऱ्यांनी उरल्यासुरल्या लोकांना घेऊन डोंगर ओलांडला आणि यारा नदीच्या खोऱ्यात मुक्काम केला. बराक लहानपणी एका वेगळ्या प्रसंगाचे साक्षीदार होते. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या इसमानं ब्लँकेटं, सुऱ्या, पीठ असल्या वस्तू देऊन सहा लाख एकर घेतल्याचा करार दाखवला होता, आणि गव्हर्नरनं तो रद्द केला. कारण काय, तर जमीन राजाचीच, ती यांच्याकडून घेता कशी येईल?

कोरांडर्कच्या लोकांनी घरं बांधली, शाळा उभी केली, बीअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेली लावल्या. त्यांच्या मालाला मेलबर्नच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली. जॉन ग्रीन नावाचा स्कॉटिश व्यवस्थापक त्यांना विचारून कारभार करायचा. जमीन चांगली निघाली तशी आसपासच्या गोऱ्या जमीनदारांची नजर तिच्यावर गेली. १८६९ च्या कायद्यानं ॲबोरिजिनल लोकांनी कुठे राहावं, काय काम करावं, मुलांचा ताबा कुणाकडे, हे ठरवायचे अधिकार सरकारी मंडळाकडे गेले होते. मंडळानं १८७४ मध्ये ग्रीनना बाहेर काढलं. मग सुरू झाला तो अर्जांचा, पत्रांचा आणि पायी मेलबर्नला जाऊन मंत्र्यांच्या दारात उभं राहण्याचा लढा. १८८१ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली आणि तिथे ॲबोरिजिनल स्त्रीपुरुषांनी स्वतः साक्षी दिल्या. त्या छापील स्वरूपात आजही वाचायला मिळतात. मागणी साधी: मंडळ नको, ग्रीनना परत आणा, आम्ही आमचं पोट भरून दाखवतो. जागा तेवढी वाचली. पण १८८६ मध्ये नवा कायदा आला. मिश्र रक्ताच्या, ३४ वर्षांखालच्या सगळ्यांना वसाहती सोडायला लावल्या. राबणारे हातच गेले. १९२४ मध्ये कोरांडर्क बंद झालं, बहुतेकांना दूर लेक टायर्सला हलवलं. बराक हलले नाहीत. ते १९०३ मध्ये तिथेच वारले होते.

त्या साक्षी वाचत असताना मी बाबांना फोन केला. १८६९ चा व्हिक्टोरिया प्रांताचा, म्हणजे मेलबर्नकडचा, कायदा आणि १८७१ चा आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा यांत दोनच वर्षांचं अंतर. राज्यकर्ते एक, विचार करायची तऱ्हा एक: माणसांची यादी करा, एका जागी ठेवा, हालचालीला परवाना लावा, मुलं सुधारा. तो कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणातली वस्ती उभी राहिली. कैकाडी, टकारी, पारधी, जन्मानंच गुन्हेगार ठरवलेले. गिरण्यांना त्यांचे हात हवे होते, म्हणून दिवसा गिरणी आणि परत आल्यावर हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. बाबांना त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनी सांगितलेली हजेरी आठवत होती. लग्नाला परगावी जायचं तरी पास लागायचा. मी म्हटलं, बाबा, हे लिहून पाठवा, मला कामात वापरता येईल. ते म्हणाले, त्यांच्या घरची गोष्ट आहे, विचारायला हवं. दोन घरांनी हो म्हटलं, एकानं नाही. नाही म्हणणाऱ्यांचा मुलगा आता नोकरीत आहे आणि कार्यालयात कुणाला काही माहीत नाही. माझ्या निबंधात दोनच घरं आहेत.

हे करता करता न्यूकॅसल विद्यापीठातल्या लिंडल रायन यांनी केलेला हत्याकांडांचा नकाशा आमच्यासमोर आला. १७८८ ते १९३० या काळात जिथे जिथे सहा किंवा जास्त निःशस्त्र माणसं एका वेळी मारली गेली, ती ठिकाणं पुराव्यासकट नोंदवलेली; चारशेहून अधिक. मायल क्रीकला १८३८ मध्ये किमान २८ माणसं मारली गेली आणि सात गोऱ्यांना फाशी झाली. अशी शिक्षा किती विरळ होती, हे बाकीच्या ठिपक्यांवर एकेक करून गेलं की समजतं. त्याबद्दल मला अधिक लिहिता येत नाही.

२०२३ च्या गणपतीत, एका ओळखीच्या घरी आरतीनंतर पानं वाढली होती आणि विषय सार्वमताचा निघाला. मूळ रहिवाशांचं एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत असावं का, याचं मतदान १४ ऑक्टोबरला होतं. एक काका म्हणाले, आपण तर काल आलो, आपल्यावरही इंग्रजांनी राज्य केलंच, आपला यात काय संबंध? प्रामाणिक प्रश्न होता आणि मी त्यांना माझं खरं उत्तर दिलं. आपण हप्ते भरतो ते घर ज्या जमिनीवर आहे, तिची किंमत मूळ मालकाला कधीच कुणी दिलेली नाही. आपल्या मुलांची शाळा, पाणी, दवाखाना, सगळं त्याच जमिनीच्या जोरावर उभं आहे. इंग्रजांनी आपल्याला छळलं हे खरं आहे, म्हणून तर हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. काकूंना पटलं, काकांना नाही. देशातल्या सुमारे साठ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. त्या आठवड्यात आमच्या बाईंनी तास घेतला नाही आणि आम्ही कुणी कारण विचारलं नाही.

आता मी मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. वर्गात पंजाबी आहेत, व्हिएतनामी आहेत, तेलुगू आहेत, दोन मराठी आहेत. पाठ्यपुस्तकातलं कोरांडर्क थोडक्यात उरकलेलं आहे. म्हणून मी त्यांना १८८१ च्या साक्षी देते आणि मोठ्यानं वाचायला लावते, प्रश्न विचारणारा एक, उत्तर देणारा एक. साक्ष देणाऱ्याला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न का विचारतात, हे तुझं तू लिहिलंस की कुणी लिहून दिलं असं का म्हणतात, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं. त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या आईबापांना सरकारी खिडकीसमोर उभं राहिलेलं पाहिलं आहे.

मुलांना ती जागा बघायची आहे. कोरांडर्कचा एक भाग १९९० च्या दशकाच्या शेवटी परत मिळाला. आज तो बराकांच्या बहिणीच्या वंशजांकडे आहे. ते शेत आहे, त्यांचं घर आहे, सहलीचं ठिकाण नाही. मी मुलांकडूनच पत्र लिहून घेतलं: आम्ही कोण, आमची घरं मूळची कुठली, आम्हाला काय बघायचंय, आणि तिथे येऊन आम्ही कोणतं काम करू शकतो. तण काढायचं असेल तर काढू, कुंपणाला हात लावायचा असेल तर लावू. शेवटच्या ओळीवर वर्गात बराच वाद झाला आणि मग ती अशी ठरली, की नाही म्हणालात तरी चालेल. पत्र मागच्या आठवड्यात गेलं. मुख्याध्यापक बसची तारीख विचारतायत. उत्तर आल्यावर सांगते, म्हटलं.